मधले पद फोडताना: वर्गसमीकरणांची ऑनलाइन शिकवणी

वर्गसमीकरण सोडवण्याच्या तीन रीती दहावीच्या विद्यार्थ्याला शिकाव्या लागतात: अवयव पाडणे, पूर्ण वर्ग करणे आणि सूत्र वापरणे. बालभारतीच्या गणित भाग १ या पुस्तकातले दुसरे प्रकरण याच विषयाचे आहे आणि त्यात पहिला मान अवयव पद्धतीला आहे. सूत्र पाठ करता येते. त्यात किमती भरल्या की उत्तर निघते. अवयव पद्धतीत भरायला काही नसते. दोन संख्या हुडकून काढायच्या असतात. सोडवून दाखवलेल्या उदाहरणात त्या दोन संख्या आयत्याच छापलेल्या दिसतात, आणि सोडवणाऱ्याला त्या सुचल्या कशा हा प्रश्न तसाच राहतो. शिकवणीला आलेल्या बहुतेक मुलांचे घोडे इथेच अडलेले असते.

असे अडलेले मूल भंडारा जिल्ह्यातले असेल तर मदत शोधणे सोपे नसते. या जिल्ह्यात भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी असे सात तालुके आहेत. भंडारा शहर, तुमसर, साकोली इथे खासगी क्लास आहेत, आणि ज्यांना झेपते ते नागपूरकडे बघतात. आतल्या गावातल्या मुलाला मात्र संध्याकाळचा क्लास म्हणजे परतीच्या एसटीचा प्रश्न. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा राज्यभर ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ म्हणत अभ्यास फोनवर आला. शाळा पुन्हा उघडल्या, पण नागपूरला किंवा पुण्याला शिकणाऱ्या मावसभावाने, आतेबहिणीने किंवा ओळखीच्या सरांनी रात्री आठनंतर फोनवरून गणित समजावण्याची वाट तेव्हापासून मोकळी झाली. घरात स्मार्टफोन एकच असेल, तर धानाच्या रोवणीच्या दिवसांत तो वडिलांच्या खिशातून बांधीवर, म्हणजे भातखाचरावर, जातो, म्हणून वेळ रात्रीचीच धरावी लागते. जंगलाला लागून असलेल्या गावांत रेंजही बेभरवशाची. हे सारे गृहीत धरूनच शिकवणी आखलेली बरी.

आधी मुळाशी असलेली गोष्ट. पाठ्यपुस्तकात चलासाठी रोमन अक्षर छापतात. इथे जुन्या मराठी रिवाजाप्रमाणे ‘क्ष’ घेतला आहे. क्ष² + ७क्ष + १२ = ० या समीकरणाची डावी बाजू (क्ष + ३)(क्ष + ४) अशी लिहिता आली, तर काम फत्ते होते. दोन संख्यांचा गुणाकार शून्य असेल, तर त्यांतली निदान एक शून्य असतेच. म्हणून क्ष + ३ = ० किंवा क्ष + ४ = ०, आणि मुळे −३ व −४. हा गुण फक्त शून्याचा आहे. गुणाकार १२ असेल तर ३ व ४, २ व ६, अर्धा व २४ अशा कितीही जोड्या निघतात, त्यामुळे एकेका कंसाबद्दल काहीच ठरवता येत नाही. तरीही (क्ष − २)(क्ष − ३) = १२ असे समोर आले की बरीच मुले क्ष − २ = १२ आणि क्ष − ३ = १२ लिहून मोकळी होतात. अशा मुलाला आणखी दहा गणिते देऊन उपयोग नाही. उजवीकडे शून्य का हवे हे त्याच्या तोंडून एकदा यायला हवे.

अवयव पाडणे ही कंस गुणण्याची उलटी क्रिया आहे, आणि उलटे जाण्याआधी सुलटे जाता आले पाहिजे. बैजिक राशींचे अवयव आठवीच्या पुस्तकात येतात, बहुपदी नववीत. दहावीत अडलेल्या मुलाचे दुखणे पुष्कळदा या दोन वर्षांतले असते, त्यातही २०२० ते २०२२ या काळात ज्यांची आठवी-नववी पडद्यावर गेली त्यांच्यात ही पोकळी ठळक होती. म्हणून पहिल्या बैठकीत अवयवांचे नावही न काढता नुसते कंस गुणायला देणारा शिक्षक शहाणा. (क्ष + ३)(क्ष + ४), (क्ष + २)(क्ष + ६), (क्ष + १)(क्ष + १२) ही तीन उदाहरणे एकाखाली एक सोडवली की शेवटी तिन्हीकडे १२ येतात आणि मध्ये ७, ८, १३. ‘शेवटचे पद गुणाकाराचे, मधले बेरजेचे’ हे मग सांगावे लागत नाही. विद्यार्थी ते स्वतःच बोलून जातो, आणि त्याने बोलून जावे एवढ्यासाठी शिकवणाऱ्याने गप्प बसावे.

यानंतर जोडी शोधण्याचे तंत्र. क्ष² + १३क्ष + ३६ साठी गुणाकार ३६ आणि बेरीज १३ असलेल्या दोन संख्या हव्यात. अडलेले मूल बेरजेपासून सुरुवात करते: १० आणि ३, ११ आणि २, ७ आणि ६. त्यात ऋण संख्या धरल्या तर बेरीज १३ च्या जोड्यांना अंतच नाही. गुणाकाराच्या पूर्णांक जोड्या मात्र मोजक्या असतात. एकापासून क्रमाने भाग घालत गेले की ३६ च्या १ व ३६, २ व १८, ३ व १२, ४ व ९, ६ व ६ एवढ्याच जोड्या निघतात. त्यांच्या बेरजा ३७, २०, १५, १३, १२. चौथी जोडी हवी ती. ही यादी वहीच्या समासात उभी लिहायची सवय लागली, तर अंदाजाने चाचपडणे बंद होते. पाढे कच्चे असतील तर यादीत भगदाडे पडतात, आणि मग बीजगणित थांबवून आठवडाभर १२ ते २० चे पाढे घोकून घेण्यात कमीपणा नाही.

चिन्हांचा गोंधळ हा या प्रकरणातला सर्वांत मोठा भाग आहे. नियम दोनच. शेवटचे पद धन असेल तर दोन्ही संख्यांची चिन्हे सारखी, आणि ते चिन्ह मधल्या पदाचे. शेवटचे पद ऋण असेल तर चिन्हे वेगळी, आणि मोठ्या संख्येला मधल्या पदाचे चिन्ह. नियम पाठ असूनही चुका होतात, कारण प्रत्येक गणितात संख्याही नवी आणि चिन्हही नवे असते. त्यावर एक चांगला उपाय म्हणजे संख्या स्थिर ठेवून फक्त चिन्हे बदलणे. ४ आणि ९ या एकाच जोडीतून चार समीकरणे तयार होतात:

क्ष² + १३क्ष + ३६ = ०
क्ष² − १३क्ष + ३६ = ०
क्ष² + ५क्ष − ३६ = ०
क्ष² − ५क्ष − ३६ = ०

पहिल्यात +४ व +९, दुसऱ्यात −४ व −९, तिसऱ्यात +९ व −४, चौथ्यात −९ व +४. जोडी शोधण्याचा भार उतरल्यामुळे सगळे लक्ष चिन्हाकडे जाते. असे चार-पाच संच झाले की हात बसतो. मग एक शेवटची ठेच उरते: (क्ष + ४) या अवयवातून मूळ −४ निघते, पण मुले घाईत +४ लिहितात. क्ष + ४ = ० ही मधली ओळ लिहायची सक्ती केली की ही चूक आपोआप थांबते.

शिकवणी समोरासमोर असती, तर इथवरच्या बहुतेक गोष्टी शिकवणाऱ्याला न विचारता कळल्या असत्या. शेजारी बसलेल्या सरांना मुलाची पेन्सिल कुठे थबकली, काय लिहून खोडले, बोटांवर काय मोजले हे दिसते. फोनवर दिसतो तो चेहरा, आणि चेहरा ‘हो सर’ म्हणतो. ऑनलाइन शिकवणीचे सारे कसब हा लिहिता हात दिसेल अशी व्यवस्था करण्यात आहे. पडद्यावर सरांचे सुबक अक्षर आणि रंगीत बाण असणे ही त्यानंतरची गोष्ट.

ही व्यवस्था फुकटात होते. पुस्तकांची वीतभर उंच चळत टेबलाच्या किंवा पाटाच्या कडेला ठेवायची, तिच्यावर फोन उताणा ठेवून मागच्या कॅमेऱ्याची बाजू दोन बोटे बाहेर काढायची आणि फोन घसरू नये म्हणून वर एक जड वही. कॅमेरा खाली वहीकडे बघतो आणि मूल मोकळ्या हाताने लिहिते. दिवा डाव्या बाजूला हवा, नाहीतर उजव्या हाताची सावली नेमकी लिहिण्याच्या जागी पडते. फोनच्या छोट्या पडद्यावर बोटाने समीकरण लिहायला लावणे हा छळ आहे. घात कुठला आणि सहगुणक कुठला हेच उमगत नाही. रेंज कमी झाली की चित्र बंद करून नुसता आवाज ठेवायचा आणि प्रत्येक गणितानंतर पानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवायचा. मात्र आवाजावर काम चालवायचे तर वाचनाची शिस्त लागते. ‘दोन क्ष वजा तीन गुणिले तीन क्ष अधिक चार’ याचे अर्थ दोन-तीन निघतात. म्हणून ‘कंस सुरू’ आणि ‘कंस बंद’ असे मोठ्याने म्हणायची सवय पहिल्या दिवसापासून लावतात. ही शिस्त ऐकायला बालिश वाटते, पण कंस विसरण्याची खोड त्यानेच मोडते. सेमी इंग्रजीच्या तुकडीतले मूल असेल तर सहगुणक, स्थिरपद हे शब्द त्याने ऐकलेलेच नसतात, तेव्हा त्याच्या वहीतले शब्द आधी विचारून घ्यावेत.

आणखी एक अट: कच्चे काम खोडायचे नाही. चूक असेल त्यावर एक आडवी रेघ, बस. खोडरबर वापरणाऱ्या मुलाच्या फोटोत फक्त शेवटचे उत्तर उरते, आणि त्यावरून काहीच निदान होत नाही.

वर्गाचा सहगुणक १ नसेल तेव्हा खरी कसोटी लागते. उदाहरणार्थ ६क्ष² − क्ष − १२ = ०. रीत अशी: पहिला सहगुणक आणि स्थिरपद यांचा गुणाकार करायचा, ६ × (−१२) = −७२. गुणाकार −७२ आणि बेरीज −१ असलेली जोडी शोधायची: −९ आणि +८. मधले पद −क्ष हे त्याप्रमाणे फोडायचे आणि दोन-दोन पदांतून सामाईक काढायचे. इथे मुलाच्या वहीत बहुधा असे उमटते:

६क्ष² + ८क्ष − ९क्ष − १२
= २क्ष(३क्ष + ४) − ३(३क्ष − ४)

आणि मूल थांबते, कारण दोन कंस जुळत नाहीत. या क्षणी शिकवणाऱ्याने योग्य ओळ सांगून टाकली तर गणित सुटते आणि चूक तशीच राहते. चांगली बैठक साधारण अशी चालते. सर विचारतात, “दुसऱ्या तुकड्यातला कंस परत गुणून बघ. −३ ने ३क्ष ला गुणलं की?” “मायनस नऊ क्ष.” “आणि −३ ने −४ ला?” “प्लस बारा.” थोडी शांतता. मग फोनमधून आवाज येतो, “पण वर तं मायनस बारा हाये जी.” सर अजूनही काही बोलत नाहीत. कॅमेऱ्याखाली पेन ३क्ष − ४ वर आडवी रेघ मारते आणि शेजारी ३क्ष + ४ लिहिते. पुढची ओळ (३क्ष + ४)(२क्ष − ३) ही त्याची त्यानेच लिहिलेली असते. मुळे −४/३ आणि ३/२.

दोन धडे या एका ओळीत आहेत. उणे चिन्ह सामाईक काढले की कंसातल्या पदांची चिन्हे उलटतात, हा पहिला. दोन कंस जुळले नाहीत तर आधीच्या ओळीत कुठेतरी चूक आहे, हा दुसरा, आणि तो अधिक कामाचा, कारण परीक्षेत सर शेजारी नसतात. पदांचा क्रम बदलून ६क्ष² − ९क्ष + ८क्ष − १२ असे लिहिले तर ३क्ष(२क्ष − ३) + ४(२क्ष − ३) येते आणि उलटणाऱ्या चिन्हाची भानगडच राहत नाही. उत्तर तेच. मुलाने दोन्ही क्रमांनी सोडवून बघितले की कुठली संख्या आधी लिहायची या चिंतेतूनही तो सुटतो.

पहिल्या आणि शेवटच्या पदाचा गुणाकार कशाला करायचा, हे मात्र वर्गात क्वचितच सांगितले जाते. (२क्ष − ३)(३क्ष + ४) हे कंस गुणले की मधली दोन पदे मिळतात: २ × ४ = ८ आणि −३ × ३ = −९. या दोहोंचा गुणाकार म्हणजे २, ४, −३ आणि ३ या चार संख्यांचा गुणाकार. आता टोकांकडे पाहावे. क्ष² चा सहगुणक २ × ३, स्थिरपद −३ × ४. त्यांचा गुणाकार म्हणजेही त्याच चार संख्या, फक्त जोड्या वेगळ्या. म्हणून मधल्या दोन तुकड्यांचा गुणाकार टोकांच्या गुणाकाराइतका असतोच. दोन मिनिटांचे हे स्पष्टीकरण टाळून केवळ रीत पाठ करून घेण्याचे काही कारण दिसत नाही. सहामाहीनंतर रीत विसरली तरी कारण आठवत असेल तर ती पुन्हा मांडता येते.

संख्या मोठ्या झाल्या की यादी लांबते. क्ष² − ३४क्ष + २७३ = ० मध्ये २७३ चे मूळ अवयव पाडावेत: ३ × ७ × १३. त्यांची मांडामांड करून २१ आणि १३ मिळतात, बेरीज ३४. दुसरी वाट अशी: दोन संख्यांची बेरीज ३४ म्हणजे त्यांची सरासरी १७. एक संख्या १७ पेक्षा जितकी जास्त, दुसरी तितकीच कमी. ते अंतर ‘त’ मानले तर (१७ + त)(१७ − त) = २७३, म्हणजे २८९ − त² = २७३, त² = १६, त = ४. संख्या २१ आणि १३, म्हणून मुळे २१ आणि १३. अंदाज लावण्याची गरजच पडली नाही. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातले गणितज्ञ पो-शेन लो यांनी २०१९ मध्ये ही रीत शाळांसाठी नव्याने मांडली आणि ती जगभर गाजली. त्यामागची कल्पना जुनी आहे; बाबिलोनच्या मातीच्या पाट्यांवरही सरासरीच्या आधाराने संख्या काढलेल्या आहेत, आणि बेरीज व अंतर दिले असता संख्या काढण्याच्या रीतीला ‘लीलावती’त संक्रमण म्हटले आहे. मंडळाच्या परीक्षेत प्रश्नात ‘अवयव पद्धतीने’ असे म्हटले असेल तर उत्तरपत्रिकेत मधले पद फोडूनच लिहावे. जोडी मात्र कच्च्या कामात अशी काढायला हरकत नाही.

करणी असलेली उदाहरणे पाहून मुले घाबरतात, पण ती सोपी असतात. √२क्ष² + ७क्ष + ५√२ = ० मध्ये टोकांचा गुणाकार √२ × ५√२ = १०, बेरीज ७, म्हणून ५ आणि २. पुढे २क्ष + ५√२ यातून सामाईक काय काढायचे इथे हात थांबतो. २ म्हणजे √२ × √२ हे आठवले की √२(√२क्ष + ५) निघते आणि अवयव (√२क्ष + ५)(क्ष + √२) असे होतात. उलट अगदी सोप्या दिसणाऱ्या क्ष² = ५क्ष मध्ये हुशार मुले फसतात. दोन्ही बाजूंना क्ष ने भागून ती क्ष = ५ लिहितात आणि शून्य हे मूळ हरवून बसतात. सर्व पदे एका बाजूला आणून क्ष(क्ष − ५) = ० केले, तर दोन्ही मुळे हाती राहतात.

शिकवणीच्या साधनांबद्दल थोडे. पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडमागे दीक्षा या २०१७ साली सुरू झालेल्या सरकारी व्यासपीठावरचे साहित्य असते. पुस्तकात क्यूआर कोड छापण्याचा प्रयोग सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी आधी आपल्या शाळेत केला होता. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला. चांगली चित्रफीत एकाच पायरीवर दहा वेळा थांबवून बघता येते, हा तिचा मोठा फायदा. पण तिला समोरच्याची वही दिसत नाही. खान अकॅडमी उभी करणाऱ्या सलमान खान यांची सुरुवात २००४ मध्ये दूरच्या गावी राहणाऱ्या आपल्या नात्यातल्या बहिणीला फोन आणि संगणकावरून गणित शिकवण्याने झाली होती. चित्रफिती नंतर आल्या. ज्याला जोडी शोधणे जमते पण चिन्ह चुकते आणि ज्याला चिन्ह जमते पण पाढे येत नाहीत, ते दोघे एकच चित्रफीत बघतात आणि दोघेही होते तिथेच राहतात. फोनचा कॅमेरा धरताच गणित सोडवून देणारी फोटोमॅथसारखी अ‍ॅपेही मुलांना ठाऊक असतात. ती लपवण्यात अर्थ नाही. आधी वहीत सोडवायचे, मग अ‍ॅपच्या पायऱ्यांशी ताडून पाहायचे आणि फरक कुठल्या ओळीत पडला तेवढे सांगायचे, असा करार बहुतेक मुले पाळतात.

पडताळा हा शिकवणीतला सर्वांत दुर्लक्षित भाग. कंस परत गुणून मूळ समीकरण येते का हे पाहायला अर्धे मिनिट लागते. भाग १ ची लेखी परीक्षा ४० गुणांची आणि दोन तासांची असते. तेवढा वेळ त्यात नक्की निघतो.

शाब्दिक उदाहरणात अवयव पाडल्यावरही एक काम उरते. एका बांधीची लांबी रुंदीपेक्षा ५ मीटर जास्त आणि क्षेत्रफळ ३०० चौरस मीटर असेल, तर रुंदी क्ष धरून क्ष(क्ष + ५) = ३००, म्हणजे क्ष² + ५क्ष − ३०० = ०. जोडी +२० आणि −१५; (क्ष + २०)(क्ष − १५) = ०. मुळे −२० आणि १५. धानाच्या बांधीची रुंदी ऋण नसते, म्हणून १५ मीटर रुंद आणि २० मीटर लांब. समीकरणाला दोन मुळे आहेत, प्रश्नाला उत्तर एक. हा फरक मुलांना स्वतः बोलायला लावावा, नाहीतर ‘ऋण आले की टाका’ असा चुकीचा नियम त्यांच्या मनात घर करतो.

तो नियम कसा तोकडा पडतो हे भास्कराचार्यांनी आठशेहून अधिक वर्षांपूर्वी दाखवले आहे. शके १०३६ मध्ये, म्हणजे १११४ साली जन्मलेल्या भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणी’ पुरा केला. त्यांच्या ग्रंथांचे अध्यापन व्हावे म्हणून नातू चांगदेवाने मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणे इथे आहे. त्यांच्या ‘बीजगणिता’त माकडांच्या कळपाचे उदाहरण येते. कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून आलेल्या संख्येचा वर्ग करावा, तितकी माकडे गुहेत गेली आणि एक बाहेर दिसले. तर कळप केवढा? समीकरण (क्ष/५ − ३)² + १ = क्ष. कंस सोडवून आणि २५ ने गुणून ते क्ष² − ५५क्ष + २५० = ० होते. गुणाकार २५०, बेरीज ५५: जोडी ५० आणि ५, चिन्हे दोन्ही उणे. मुळे ५० आणि ५. दोन्ही धन आहेत आणि दोन्ही समीकरणात बसतात. तरी ५ हे उत्तर भास्कराचार्यांनी स्वीकारले नाही. पाच माकडांचा पाचवा भाग एक, त्यातून तीन वजा केले की −२ उरतात. वर्ग केल्यावर ते ऋण चिन्ह झाकले जाते, पण उणे दोन माकडे म्हणजे काय हे कोणाला पटायचे? म्हणून कळप ५० चा. दहावीच्या मुलापुढे हे उदाहरण ठेवले की अवयव पाडणे, चिन्हे, पडताळा आणि उत्तराची निवड या सगळ्याची उजळणी एका पानात होते, आणि फोनवर तोंडी सांगण्याजोगे ते आहेही.

शेवटी, सगळ्या वर्गसमीकरणांचे सोपे अवयव पडत नाहीत. क्ष² + ५क्ष + ३ = ० मध्ये गुणाकार ३ ची धन जोडी १ व ३ एकच, बेरीज ४. पाच येत नाही. यादी पुरी लिहिलेली असेल तर मुलाला खात्रीने थांबता येते. अर्धवट असेल तर तो तासभर शोधत बसतो. आधीच ओळखायचे तर मधल्या सहगुणकाच्या वर्गातून टोकांच्या गुणाकाराची चौपट वजा करावी. सहगुणक पूर्णांक असताना येणारी संख्या, म्हणजे विवेचक, पूर्ण वर्ग असेल तरच पूर्णांक सहगुणकांचे अवयव पडतात. ६क्ष² − क्ष − १२ साठी ती १ + २८८ = २८९, म्हणजे १७ चा वर्ग. क्ष² + ५क्ष + ३ साठी २५ − १२ = १३, पूर्ण वर्ग नाही. अशा समीकरणासाठी पुस्तकात पूर्ण वर्ग पद्धत आणि तिच्यावरून निघणारे सूत्र दिले आहे, आणि शिकवणीही तिथून त्या भागाकडे वळते.